घरात कळल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

बहुतेक घरांत मूल स्वतःहून सांगत नाही. मोबाइल सांगतो. चार्जिंगला लावलेल्या फोनवर मेसेज झळकतो, तो चुलतभाऊ वाचतो आणि रात्री जेवणं आटोपल्यावर आतल्या खोलीचं दार लावून विचारणा सुरू होते. कधी शाळेच्या भिंतीवर कुणीतरी काही लिहितं आणि ते शिक्षकांच्या तोंडून घरी पोचतं. कधी मैत्रिणीची आई तावातावानं दारात येऊन उभी राहते. मुलगा गे आहे (त्याला मुलांचीच ओढ वाटते), मुलगी लेस्बियन आहे (तिला मुलींची) किंवा दोघांपैकी कुणी बायसेक्शुअल आहे (मुलगे-मुली दोन्हींची) हे घराला असं आडवाटेनं कळतं. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया रागाची असते आणि पहिले निर्णय घाईचे.

त्या रात्रीपासूनच्या पंधरा दिवसांबद्दल, आमच्या सोलापूरकडची घरं डोळ्यांसमोर ठेवून, हे लिहितोय. आई-वडील, मामा-काका, वर्गशिक्षक, जवळचा मित्र, कुणीही वाचत असाल तरी चालेल. माझं म्हणणं असं की मुलाची तब्येत त्याच्या लैंगिक कलामुळे, म्हणजे त्याला कुणाबद्दल ओढ वाटते त्यामुळे, बिघडत नाही, त्याच्याशी जे वागलं जातं त्यानं बिघडते. आणि त्या वागण्यातला सगळ्यात खोल जाणारा भाग याच पंधरा दिवसांत घडतो, तोही प्रेमाच्या माणसांकडून.

त्या रात्रीच्या आधी बरंच काही साचलेलं असतं, ते आधी समजून घ्यायला हवं. अमेरिकेतले संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये या ताणाची नीट फोड करून दाखवली. एक तर प्रत्यक्ष घडलेला त्रास: मारहाण, टोमणे, वाळीत टाकणं. दुसरी, तो पुन्हा होईल ही सततची धास्ती. तिसरे, लपवण्याचे कष्ट. आणि चौथी सगळ्यात वाईट: ऐकून ऐकून स्वतःबद्दलच वाटायला लागलेली किळस. पहिला प्रकार बाहेरून दिसतो, बाकीचे तीन आत चालतात. म्हणूनच ‘कुणी काही बोललं तर नाही ना त्याला, मग एवढा का सुकला?’ असं घरच्यांना वाटत राहतं.

सोलापुरात मूल मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषा कानावर पडत वाढतं. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द त्याला सहावी-सातवीतच कळतात, आणि कोणत्या गल्लीतून गेलं की ते ऐकू येतात हेही कळतं. पण स्वतःबद्दल साधेपणानं सांगायला चारही भाषांत त्याच्या हाताशी शब्द नसतो. ‘समलिंगी’ हा बातमीतला शब्द, तो स्वयंपाकघरात आईशी बोलायचा शब्द नव्हे. त्यात आपल्या भाषेत क्रियापदालाही लिंग असतं. आवडत्या माणसाबद्दल ‘काल आला होता’ म्हणायचं की ‘आली होती’, हे मूल प्रत्येक वाक्याला तोंड उघडण्याआधी ठरवत असतं. दोन खोल्यांच्या घरात, सहा माणसांत, दिवसभर. एवढी राखण करणाऱ्या डोक्यात गणिताचं सूत्र राहत नाही, यात नवल ते काय?

शरीरही हिशेब ठेवतं. सतत सावध राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, झोप कुत्र्यासारखी सावध होते, भूक जाते. मुतारीत त्रास देतात म्हणून मधल्या सुट्टीत जायचंच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये याचा अर्थ डोकेदुखी, लघवीला जळजळ, चक्कर. शाळेच्या सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. पीटीच्या तासाला हटकून आजारपण येतं. घरचे दरवेळी पोटाचं औषध आणतात. युनेस्कोनं तमिळनाडूत केलेली एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लैंगिक अल्पसंख्याक मुलांपैकी ६० टक्क्यांनी शाळेत शारीरिक छळ झाल्याचं सांगितलं आणि जवळपास एक तृतीयांश जणांनी शाळाच सोडली होती. आपल्याकडे असं मूल शाळा सोडतं तेव्हा ‘अभ्यासात लक्ष नव्हतं’ म्हणतात आणि त्याला यंत्रमागावर नाहीतर दुकानात लावून देतात. खरं कारण कुठल्याच दाखल्यावर येत नाही.

घरचा वाटा किती मोठा असतो, हे कॅलिफोर्नियातल्या केटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासातून दिसलं. २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि बायसेक्शुअल तरुणांना विचारलं गेलं की किशोरवयात घरचे कसे वागले. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, नकार न मिळालेल्यांच्या किंवा अगदी थोडा मिळालेल्यांच्या ८.४ पट होतं. तीव्र नैराश्याचं ५.९ पट. तिकडचे तरुण, तिकडची घरं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सोलापूरला लावू नये. पण रायन यांनी नकार म्हणून जी वागणूक मोजली ती वाचली की घर ओळखीचं वाटतं: हात उचलणं, मित्रांशी संबंध तोडायला लावणं, घरच्या कार्यात पुढे येऊ न देणं, बाहेर कुणी छळलं तर ‘तुझंच चुकलं’ म्हणणं, देव शिक्षा करील अशी भीती घालणं, ‘पुरुषासारखं चाल’, ‘मुलीसारखी राहा’ म्हणून मागे लागणं. यातलं काहीही करताना आई-वडिलांना वाटत असतं की आपण मुलाला वाचवतोय. आणि दिलासा देणारी गोष्ट ही की नकार नुसता कमी झाला तरी धोका बराच खाली येतो. एका रात्रीत सगळं स्वीकारायची गरज नाही. यादीतल्या दोन गोष्टी थांबवल्या तरी फरक पडतो.

पहिली रात्र

त्या रात्री कसलाही निर्णय घेऊ नका. शिक्षण, लग्न, डॉक्टर, गावी पाठवणं, काहीही नाही. ‘कधीपासून?’, ‘कुणी शिकवलं?’, ‘काय काय केलंस?’ हे प्रश्न विचारू नका. त्यांची उत्तरं ऐकायची तयारी तुमचीही नसते, आणि मुलाला ते पोलिसी चौकशीसारखे लागतात. म्हणायचं ते एवढंच: ‘तू आमचाच आहेस. आम्हाला हे समजायला वेळ लागेल. आज जेव आणि झोप.’ एवढंही तोंडून निघत नसेल तर निदान ताट वाढा. भाकरी पुढ्यात सरकवणारी आई काय म्हणतेय ते मुलाला कळतं. घराबाहेर काढायचं नाही, हात उचलायचा नाही. त्याच खोलीत कुणीतरी झोपावं, पण पहारा दिल्यासारखं नव्हे.

शपथ घ्यायला लावू नका, हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण आपल्याकडे हे फार घडतं. ‘माझ्या गळ्याची शपथ घे, पुन्हा असं करणार नाहीस.’ मूल घाबरून शपथ घेतं. पण कुणाबद्दल ओढ वाटावी हे शपथेनं ठरत नाही, म्हणून ती चार दिवसांत मनातल्या मनात मोडते. मग आईला काही झालं, नुसता ताप आला, बीपी वाढलं, तरी ते आपल्यामुळेच झालं असं मुलाला वाटायला लागतं. हा अपराधीपणा फार जीवघेणा असतो.

दुसऱ्या सकाळी घराला सुचतं ते मोबाइल काढून घेणं. त्यानं काय होतं पाहा. ज्या एक-दोन माणसांशी मूल खरं बोलू शकत होतं, ती नेमकी गरजेच्या वेळी तुटतात. कुणी धमकावत असेल तर त्याचा पुरावाही त्याच फोनमध्ये असतो. आणि त्यातले मेसेज वाचून समोरच्या मुलाच्या घरी फोन करणं तर कधीच नको. तिथे काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. मोबाइलचा नियम करायचाच असेल तर रात्री दहानंतर घरातले सगळेच फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, वडिलांचासुद्धा.

मग येतात नातेवाईक. थोरल्या काकांना सांगायचं, मामाला बोलवायचं, ही आपली रीतच. पण ही बातमी एकदा सांगितली की परत घेता येत नाही. काकांकडून काकूकडे, काकूकडून माहेरी, आणि आठवड्यात शहराच्या पूर्व भागातल्या सगळ्या गल्ल्यांना माहीत. आधी मुलाला विचारा: ‘कुणाला सांगितलं तर चालेल?’ ते ज्याचं नाव घेईल त्या एकालाच सांगा. आणि बोलताना आवाज खाली ठेवा. मागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय असते आणि आपल्या घरांच्या भिंती एकीला एक लागून असतात.

लग्नाचा विषय तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघतो. मुलीच्या बाबतीत आधीच. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न लहानपणीच बोलून ठेवलेलं असतं. मुलीनं नकार दिला तर तो एका मुलाला दिलेला नकार राहत नाही, आईच्या माहेरचा अपमान होतो. म्हणून सगळ्यात जास्त दबाव आईकडूनच येतो, आणि ती स्वतःही त्याच दबावाखाली असते. पण लग्नानं कल बदलत नाही. उदासी वाढते, आणि दुसऱ्या घरातलं एक निरपराध माणूस त्यात ओढलं जातं. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण नसतील तर असं लग्न बालविवाह प्रतिबंधक कायद्यात बसतं. मूल १८ च्या आतलं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही कळवू शकतं, शेजारीसुद्धा. सज्ञान व्यक्तीचं लग्न तिच्या संमतीशिवाय कुणालाही लावता येत नाही.

बाबा, पावडरी आणि डॉक्टर

काही घरं ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून बाबाकडे नेतात. मिरचीची धुरी, दोरीनं बांधणं, काठीनं झोडपणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातच होते. दुसरीकडे ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ म्हणून पाट्या लावून बसलेले लोक. त्यांच्या पुड्यांत काय घातलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं, एवढं एक कारण ती न घ्यायला पुरेसं आहे. पुरुष संप्रेरकांची इंजेक्शनंही काही ठिकाणी सुचवतात. त्यानं कल बदलत नाही. वाढत्या वयातल्या मुलाच्या शरीरात उगाच ढवळाढवळ होते.

डॉक्टरकडे जरूर जा, पण कशासाठी ते आधी नक्की करा. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढली. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये तेच सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, ऑगस्ट २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. असा उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा: ‘मुलाचा कल बदलायचा नाही. त्याची झोप, भीती आणि उदासी यासाठी मदत हवी आहे. तुम्ही करता का?’ समोरून ‘बदलता येईल, आधी हार्मोनच्या टेस्ट करू’ असं आलं तर तिथे जाऊ नका. खासगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही, आणि सज्ञान रुग्णाचं बोलणं त्याच्या आई-वडिलांनाही सहसा परस्पर सांगता येत नाही. मूल १८ च्या आतलं असेल तर पालकांचा सहभाग राहतोच. तरीसुद्धा डॉक्टरांना सांगून मुलाला निदान वीस मिनिटं एकटं आत बसू द्या. आई शेजारी बसलेली असताना मूल फक्त पोटदुखीबद्दल बोलतं.

‘त्याला मेंटल हॉस्पिटलात टाकतो’ ही धमकीही ऐकू येते. सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर त्याला गंभीर मानसिक आजार असायला लागतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे किंवा स्वतःची काळजीही घेता येत नाही असं वागणं दिसावं लागतं आणि एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. कुणावर प्रेम आहे हे त्यात कुठेच येत नाही.

जिवाची भीती वाटते तेव्हा

हा भाग घाईत असाल तरी वाचा. सलग दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं, आवडीच्या गोष्टीत मन नाही, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणं, खूप उदास असलेलं मूल अचानक शांत होणं, अंगावर कापल्याच्या खुणा. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? तसं काही मनात येतं का?’ विचारल्यानं ते मनात भरतं ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘असलं काही करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ हेच येणार.

उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, रडून त्याच्या गळ्यात पडू नका. कसं आणि कधी असं काही ठरवलंय का, ते विचारा. ठरवलं असेल तर एक क्षणही एकटं सोडायचं नाही आणि लगेच सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. घरातली औषधं एका डब्यात घालून कुलपात टाका. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडच्या शेतकरी घरांत फवारणीची औषधं गोठ्यात उघडी पडलेली असतात. ती शेजाऱ्याकडे किंवा कुलपाच्या खोलीत हलवा. ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं हेच पुष्कळदा जीव वाचवतं. टेलि-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. आई-वडीलही त्यावर बोलू शकतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा होईल या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं.

मूल थोडं सावरलं की त्याच्याबरोबर बसून एक कागद करा. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे आणि ती वहीच्या पानावर मावते. मन घसरायला लागल्याच्या आपल्या खुणा कोणत्या. एकट्यानं काय केलं की बरं वाटतं. जरा मन रमायला कुठे जायचं, मग ते कंबर तलावाचा फेरा असो की मित्राचं दुकान. कुणाकडे मदत मागायची. कोणत्या डॉक्टरला, कोणत्या क्रमांकावर. आणि घरातल्या कोणत्या वस्तू दूर ठेवायच्या. अक्षर मुलाचंच असावं. तुमच्या अक्षरातला कागद ते घडी घालून ठेवून देईल.

बायसेक्शुअल मुलांबद्दल इथेच सांगतो, कारण त्यांचा धोका सहसा मोजलाच जात नाही. अनेक पाहण्यांत त्यांची मनःस्थिती गे आणि लेस्बियन मुलांपेक्षाही वाईट आढळली आहे. घरचे म्हणतात, ‘मुलगीही आवडते ना, मग प्रश्न कुठे आहे, तिच्याशीच लग्न कर.’ गे मित्र म्हणतात, ‘तू तर शेवटी लग्न करूनच जाणार.’ दोन्हीकडे खोटं ठरलेलं मूल मग कुठेच बोलत नाही.

धमक्या आणि पैसे

कॉलेजच्या वयातल्या मुलांना एक वेगळा फास बसतो. डेटिंग अॅपवर खोटी प्रोफाइल, दोन दिवस गोड बोलणं, मग शहराबाहेर एखाद्या अर्धवट बांधकामावर भेटायला बोलावणं. तिथे तीन-चार जण येतात, मोबाइलवर चित्रण करतात, आणि ‘घरी पाठवू’ म्हणून यूपीआयवर पैसे घेतात. पहिल्यांदा दोन हजार. दिले की पुढच्या आठवड्यात पाच. दिल्यानं हे कधी थांबत नाही, कारण दिले म्हणजे तुम्ही घाबरलात हे त्यांना कळलं. चॅट पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून एका विश्वासू मित्राला पाठवून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांचं संमतीचं समलिंगी नातं गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे खंडणी, कलम ३०८, हा मात्र गुन्हा आहे. ठाण्यात जाताना एकटे जाऊ नका, वकील किंवा मोठं माणूस बरोबर घ्या. भेटायचंच असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग पार्क चौकासारख्या वर्दळीच्या जागी, आणि एका तरी मित्राला ठिकाण सांगून.

मुलीच्या वाट्याला खंडणीपेक्षा कोंडणं जास्त येतं. कॉलेज बंद, फोन बंद, बाहेरून कडी. सज्ञान व्यक्तीला असं डांबणं हा कलम १२७ खालचा गुन्हा आहे आणि ११२ ला फोन करून पोलीस बोलावता येतात. घर सोडायची वेळ आलीच तर दहावीचं प्रमाणपत्र बरोबर असू द्या, वयाचा पुरावा तोच. आधार, मार्कलिस्ट, जातीचा दाखला, पासबुक यांचे फोटो आधीच डिजिलॉकरमध्ये किंवा मैत्रिणीकडे. ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीनं जात आहे’ असं सहीनिशी पत्र पोलीस ठाण्याला स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपायची, कारण घरचे बेपत्ता किंवा पळवून नेल्याची तक्रार देतात आणि त्रास बरोबरच्या मुलीला होतो. प्रकरण हेबियस कॉर्पसपर्यंत (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणाऱ्या अर्जापर्यंत) गेलं तर सोलापूरकरांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. अशा प्रकरणात न्यायालयानं समुपदेशनाच्या नावाखाली व्यक्तीचं मन वळवायचा प्रयत्न करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये सांगितलंय. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. क्रमांक १५१००. बोलायला आपल्यासारखं माणूस हवं असेल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षं काम करतेय.

शिक्षकांसाठी थोडं. मुलानं तुम्हाला सांगितलं तर घरी फोन करू नका. ‘पालकांना कळायला हवं’ या चांगल्या हेतूनंच कित्येक मुलांच्या घरची ती रात्र उजाडते. नुसता कल सांगितला तर त्यात कुठेही कळवण्यासारखं काही नाही. १८ च्या आतल्या मुलाशी लैंगिक कृत्य झाल्याचं कळलं तर मात्र पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मूल मुलगा असो की मुलगी. वर्गात ‘बायल्या’ ऐकू आलं की तिथल्या तिथे, शांतपणे, ‘हा शब्द या वर्गात चालणार नाही’ म्हणा. ज्याला म्हटलं त्याच्याकडे बघू नका, नाहीतर सगळा वर्ग बघतो. तारीख, जागा, कोण, काय झालं हे वहीत लिहीत जा. तीन नोंदी असल्या की मुख्याध्यापकांना ‘मस्करी चालते हो’ म्हणता येत नाही. कॉलेजात तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून केलेला छळ स्पष्ट लिहिलेला आहे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेला २०१९ मध्ये आढळलं की ज्या मुलांच्या आयुष्यात स्वीकारणारं एक तरी मोठं माणूस होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. एक. ते माणूस घरातलंच असायला हवं असंही नाही.

पंधराव्या दिवशी घरात बहुधा शांतता असते, पण अवघडलेली. मुलाकडे न बघता पाणी मागितलं जातं. अशा वेळी मोठ्या चर्चेला बसू नका. नेहमीची कामं त्याला पुन्हा सांगायला लागा: मंगळवारच्या बाजारातून भाजी आण, आजीला दवाखान्यात ने, गाडीत पेट्रोल टाक. आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येतील, नंदीध्वज बघून आले की जेवताना कुणीतरी लग्नाचं काढीलच. त्याचं उत्तर आई-वडिलांनी आधीच ठरवून ठेवावं आणि ते वडिलांनीच द्यावं, मुलाला द्यायला लागू नये: ‘त्याचं शिक्षण चालू आहे. आमच्या घरात सध्या हा विषय नाही. वाढू का अजून?’